चाळीस पाठी

२३ जून २०१९

बाबा,

हे पाकीट मॉरीन आत्याच्या हाती देतेय. पोस्टाने टाकलं असतं तर अक्षर ओळखून तू ते तसंच शेगडीत घातलं असतंस. बहीण समोर उभी असताना तू एवढा रानटीपणा करणार नाहीस, असा माझा अंदाज आहे.

सात वर्षांत तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र. मी पोलिसात भरती झाले त्या दिवशी तू म्हणालास, "या घरात तो गणवेश येणार नाही, आणि तो घालणारीही येणार नाही." मी आले नाही. तुझा शब्द मी तुझ्यापेक्षा जास्त पाळलाय.

गेल्या शनिवारी खाणकामगारांच्या मिरवणुकीत काय झालं ते क्लबात दहा जण दहा तऱ्हांनी सांगत असतील. तू स्वतः कुठे होतास ते मी विचारत नाही. माझी बाजू एकदा ऐक. खाणीच्या दारापासून क्लबापर्यंत सगळं नीट गेलं. बँड नीट वाजला, युनियनचं निशाण नीट आलं. क्लबासमोर एका दारुड्याने डॅरनच्या अंगावर बिअर ओतली. डॅरन हॉब्सन म्हणजे माझ्याबरोबर ड्यूटीला असतो तो. डॅरनने त्याला धरलं, लोक जमा झाले, आणि मी त्यांना थोपवायला मधे उभी राहिले. नेव्हिल काका मूठ आवळून माझ्या अंगावर आले. मी दोनदा सांगितलं, मागे व्हा. ते थांबले नाहीत. मी दंडुका चालवला. एकदाच.

त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं याचं मला वाईट वाटतं. लहानपणी त्याच खांद्यावर बसून मी हा बँड बघितलाय, हे तू मला सांगायची गरज नाही. पण ते अंगावर आले. मी तसं लेखी दिलंय आणि डॅरननेही दिलंय.

मी ठीक आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगून ठेवते.

लिअॅन


१४ जुलै २०१९

बाबा,

आत्या म्हणते, तू पाकीट घेतलंस आणि खिशात घातलंस. शेगडीत गेलं नाही, एवढं मला पुरे आहे.

तुझ्या मनात काय असेल ते मला पाठ आहे. पोलीस असेच. एका माळेचे मणी. हे मी तुझ्या मांडीवर बसून ऐकलंय आणि गेली सात वर्षं तुझ्या गावाकडूनही ऐकतेय. मार्च महिन्यात शीलाबाईंच्या बेकरीत गेले होते. त्यांनी पेस्ट्री दिली, मी खिडकीजवळ बसून खाल्ली. मी दारापर्यंत पोचायच्या आत त्यांनी माझी खुर्ची फडक्याने पुसून काढली. त्या दुकानात मी चौथीत असताना दात पडला म्हणून रडले होते, तेव्हा त्यांनीच मला मांडीवर घेतलं होतं.

गंमत सांगू? इतर गावांत मी चांगली पोलीस आहे. मागच्या वर्षी एक माणूस स्वयंपाकघरात सुरी घेऊन उभा होता. त्याच्याशी मी पाऊण तास बोलले, त्याच्या कुत्र्याबद्दल, त्याच्या बायकोबद्दल, काय वाट्टेल त्याबद्दल. शेवटी त्याने सुरी ओट्यावर ठेवली आणि मला चहा विचारला. सात वर्षांत मी एकदाही दंडुका बाहेर काढला नव्हता. बोलणं हेच माझं हत्यार आहे असं सगळे म्हणायचे.

आपल्या गावाची, हॅथर्बीची पाटी दिसली की ते जातं. आवाज बारीक होतो. तोंड उघडायच्या आधीच मला माहीत असतं की समोरचा काय ऐकणार आहे. मी "जरा बाजूला व्हा" म्हटलं की त्याला चौऱ्याऐंशी सालच्या संपातले पोलिसांचे घोडे दिसतात. मग मी जास्तच ताठ उभी राहते, जास्तच कोरडी बोलते, आणि हात आपोआप पट्ट्यावर जातो. आपण त्यांना वाटतो तसे नाही हे दाखवायच्या नादात मी हुबेहूब तशीच दिसायला लागते. आमचा सार्जंट तर मिरवणुकीच्या सकाळी सरळ म्हणाला, "हॅथर्बीत बोलत बसू नका. ते आपल्याला जनावर समजतात. जनावराचं कोण ऐकून घेतं?" सगळे हसले. मीही हसले.

बळ वापरलं की आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो, नुसत्या बेड्या घातल्या तरी. कारणांच्या पुढे चौकोन असतात. स्वतःचं रक्षण. दुसऱ्याचं रक्षण. समोरचा आक्रमक होता. समोरचा नशेत होता. मी पहिल्यात आणि तिसऱ्यात खूण केली. बाकीचे चौकोन मी तीन वेळा वाचले. मला हवा होता तो त्यांत नव्हता.

हे का लिहिलं कळत नाही. पाठ दाखवणं सोपं असतं, बाबा. तुला तर त्याची सवयच आहे.

लिअॅन


८ सप्टेंबर २०१९

बाबा,

नेव्हिल काकांवर खटला भरला जातोय हे तुला कळलंच असेल. कर्तव्यावरच्या पोलिसावर हल्ला. तारीख चौदा ऑक्टोबर. दोषी ठरले तर त्यांची शाळेची गाडी जाणार. अपंग मुलांना शाळेत नेऊन सोडणाऱ्या माणसाच्या नावावर असला गुन्हा चालत नाही. आत्या सांगत होती की त्या मुलांपैकी एक मुलगी दुसऱ्या कुणाच्या गाडीत चढतच नाही.

त्यांच्या बाजूने साक्षीदार शोधताहेत म्हणे. मिळणार नाहीत. का मिळणार नाहीत ते तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे, आणि आता मी ते लिहिणार आहे.

काका माझ्या अंगावर आले नव्हते.

ते पुढे आले हे खरं. हात खाली होते. म्हणाले, "तू आमच्या मेलची पोरगी ना? तुझ्या बापाचं डोकं यांनी कुठे फोडलं ते दाखवू का? ह्या इथे. तू उभी आहेस त्याच फरशीवर." मी म्हटलं, "काका, मागे व्हा." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ते म्हणाले, "मार की मग! त्याचसाठी कमरेला लावलंय ना ते?" आणि ते वळले. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

मग त्यांच्या शेजारचा वळला. मग त्याच्या शेजारचा. संपफोड्या क्लबात शिरला की हॅथर्बीत जे करतात ते. हे मी लहानपणी पाहिलं होतं. संपात कामावर गेलेला जॅक बर्कीन आपल्या आईच्या मयताला आला होता तेव्हा सगळं चर्च असंच वळलं होतं, आणि मीही तुझा हात धरून वळले होते. कुणी शिकवावं लागत नाही, आणि एकदा वळलं की मागे बघायचं नाही. चाळीस माणसं भिंतीकडे तोंड करून उभी होती. कुणी मला हात लावला नव्हता, बाबा. तिथून मला कसलाही धोका नव्हता. मी नुसती बाजूला झाले असते तर सगळे बिअर प्यायला आत गेले असते.

मी मागून मारलं.

छातीवरचा कॅमेरा मी नंतर चालू केला. त्यात काका जमिनीवर दिसतात, त्याच्या आधीचं काही नाही. डॅरन दारुड्याला धरून दुसरीकडे बघत होता. त्याने माझी टाचणं बघून आपली साक्ष लिहिली. घाव खांद्यावर वरून बसलाय. तो पुढून की मागून, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. आणि चाळीस साक्षीदारांपैकी एकानेही पाहिलं नाही, कारण सगळे रिवाज पाळत होते. एकाने जरी मान वळवली असती तरी हे सांगायच्या ओझ्यातून मी आज सुटले असते.

आता मला तुझी गोष्ट आठवत राहते. दर नाताळात जेवणानंतर तू सांगायचास ती. दगड न मारता तुला दगड मारल्याबद्दल पकडलं. एका शिपायाने दोन ओळी लिहिल्या, त्या दोन ओळींवर तू दोषी ठरलास, खाणीतून कायमचा बाहेर पडलास आणि आई शाळेच्या फरशा पुसायला लागली. "दोन ओळी, लिअॅन," असं म्हणून तू दोन बोटं वर करायचास. मी तीन लिहिल्या.

अजून एक गोष्ट राहिली आहे. ती आज लिहवत नाही.

लिअॅन


६ ऑक्टोबर २०१९

बाबा,

आठ दिवस उरलेत. रोज सकाळी ठरवते की सार्जंटला सांगायचं, आणि रोज घरी येते ती न सांगता.

डॅरनला सांगितलं. त्याच्या गाडीत बसलो होतो. त्याने आधी खिडकीची काच वर केली.

"तुला वेड लागलंय," तो म्हणाला. "बघ, माझी पोरं लहान आहेत. तू जबाब बदललास की मीही खोटा ठरतो."

"तू खोटाच आहेस डॅरन. मीही आहे."

"तो म्हातारा काही तुरुंगात जात नाहीये. दंड होईल. तू मात्र जाशील. आणि तुला वाटतं ती माणसं तुझी आरती ओवाळतील? 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' एवढंच म्हणतील. आपण मेलो तरी तेच म्हणणार. मग आपण आपल्याच पायावर धोंडा का पाडून घ्यायचा?"

खरं सांगू? तो बरोबर बोलतोय. मी उभी राहून खरं सांगितलं की हॅथर्बी काय म्हणेल? शीलाबाई काय म्हणतील? तू काय म्हणशील? पोलीस असेच. पाठमोऱ्या म्हाताऱ्याला मारतात आणि वर खोटं लिहितात. सात वर्षं मी जे खोटं पाडायला धडपडले ते मी माझ्याच तोंडाने खरं करून देणार. नोकरी जाईल, तुरुंगही असेल कदाचित. पण मला झोप लागत नाही ती या दुसऱ्याच गोष्टीने. तुला बरोबर ठरवायचं माझ्या जिवावर आलंय.

राहिलेली गोष्ट. त्या ओळीत नेव्हिल काकांपासून तिसरा तू होतास. तपकिरी कोट, आईने कोपराला कातड्याची ठिगळं लावलेला. काका वळले तेव्हा मला राग आला नाही. दुसरा वळला तेव्हाही नाही. तुझ्याकडे मी बघत होते. तू माझ्याकडे बघितलंस, चांगलं दोन-तीन श्वास बघितलंस. मला वाटलं, हा नाही वळणार. मग तू वळलास. मारलं काकांना, कारण ते हाताशी होते. डोळ्यांसमोर तुझा कोट होता.

हे काही कारण होत नाही. कोर्टात तर नाहीच. दंडुका माझ्या हातात होता, तुझ्या नाही. तरी तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

काय करायचं ते सांग असं मी तुला म्हणणार नाही. तू सांगितलंस तर मी हट्टाने उलटं करीन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि पीळ कुणाचा ते आत्याला विचार.

लिअॅन


१५ ऑक्टोबर २०१९

बाबा,

तू काल कोर्टात मागच्या बाकावर बसला होतास, त्यामुळे काय झालं ते तुला सांगायला नको. पण तिथून तुला माझं तोंड दिसत नव्हतं, म्हणून लिहिते.

साक्षीच्या पिंजऱ्यात चढेपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. लोक म्हणतील हिने आधीच ठरवलं होतं. नव्हतं ठरवलं. सरकारी वकिलाने माझा जबाब माझ्या हातात दिला आणि विचारलं, "हे तुमचंच का? आणि हे खरं आहे का?" ते रोज शंभर जणांना असंच विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढचा कागद उलटतात. मी काकांकडे बघितलं. त्यांनी गळ्यात टाय बांधला होता आणि तो एका हाताने बांधल्यासारखा वाकडा होता. दुसरा हात अजून वर जात नाही त्यांचा.

मी म्हटलं, "जबाब माझा आहे. खरा नाही."

वकील पुढचं पान शोधतच राहिला. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला बजावलं की स्वतःला अडचणीत आणणारं काही सांगायची तुमच्यावर सक्ती नाही, वकील गाठा. मी म्हटलं, "मला माहीत आहे, बाई. आम्ही हेच लोकांना वाचून दाखवतो." मग सांगितलं. ते पाठमोरे होते. हात खाली होते. मी मागून मारलं. मला धोका नव्हता, मला लाज वाटत होती. शेवटचं वाक्य लिहून घेऊ का, असं कारकुनाने विचारलं. बाई म्हणाल्या, घ्या.

खटला तिथेच काढून टाकला. नेव्हिल काका दारातून जाताना माझ्यासमोर थांबले. मला वाटलं थुंकतील. म्हणाले, "मेलसारखाच खणखणीत आवाज आहे गं तुझा. त्या दिवशी कुठे गेला होता?" आणि गेले.

संध्याकाळी माझं ओळखपत्र काढून घेतलं. डॅरन माझ्याकडे न बघता माझ्या खणातल्या वस्तू खोक्यात भरत होता. माझ्यावर आता वेगळी चौकशी बसेल आणि त्याच्यावरही. त्याची पोरं खरंच लहान आहेत.

तर घे. तुझं म्हणणं सिद्ध झालं. क्लबात माझ्या नावाने एक बिअर पी. पण एक ऐकून ठेव. सुरी खाली ठेवून ज्याने मला चहा विचारला तो माणूसही खरा आहे. त्याच्याशी बोलणारी तीही मीच होते, याच गणवेशात. तुझ्या गोष्टीत तिला जागा नसेल तर ती गोष्ट अपुरी आहे.

मी पुन्हा लिहिणार नाही. आत्याचे गुडघे दुखतात, तिला किती फेऱ्या घालायला लावायच्या?

लिअॅन


२० ऑक्टोबर २०१९

लिअॅन,

मला पत्र लिहिता येत नाही. शेवटचं पत्र युनियनला लिहिलं होतं आणि तेही तुझ्या आईने सुधारून दिलं होतं. चुका असतील.

तुझी पाचही पत्रं वाचली. पहिलं वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की नेव्हिल अंगावर गेलेला नाही. तो आयुष्यात कुणाच्या अंगावर गेला नाही, खाणीत उंदीरसुद्धा मारायचा नाही. तरी मी गप्प बसलो. तू खोटं बोलतेस हे मला बरं वाटत होतं. पोलीस असेच, असं म्हणत होतो. तू म्हणतेस तेच.

मग तू सोमवारी कोर्टात उभी राहिलीस.

पोरी, दगड मी मारला होता.

अर्ध्या विटेएवढा होता. घोडे आले, माझं डोकं फुटलं, हे सगळं खरं. पण दगड त्याच्या आधी मारला. एका शिपायाच्या भुवईवर लागला. विशीचा असेल, माझ्याहून लहान. तो खाली बसला आणि आईला हाक मारायला लागला. मला अजून ऐकू येतं. त्या दिवशी आम्हा अकरा जणांना पकडलं. अकरा कागदांवर शब्दाला शब्द तोच मजकूर होता, कुणीतरी सांगितला आणि बाकीच्यांनी उतरवला. दहा जणांच्या बाबतीत ते साफ खोटं होतं. माझ्या बाबतीत खरं होतं. मी कबूल केलं असतं तर सगळेच बुडाले असते, म्हणून खोटं बोललो. त्यात मला काही गैर वाटत नाही. पण नंतर संप संपला, खाण बंद झाली, आणि मी तेच खोटं बोलत राहिलो. तुझ्या आईशी बोललो. ती गेली तरी तिला माहीत नव्हतं. तुला मांडीवर घेऊन बोललो.

तू भरती झालीस तेव्हा मी ओरडलो ते गणवेशासाठी नव्हतं. मला वाटलं, आता ही पोलिसात जाणार आणि एक दिवस जुने कागद काढून बघणार. मी तुला सात वर्षं घराबाहेर ठेवलं ते भीतीने. क्लबासमोर वळलो तेही त्यानेच. तू सरळ माझ्याकडे बघत होतीस.

तुझ्या काठीची चूक तुझीच आहे, ती मी घेणार नाही. पण ती काठी तुझ्या हातात जड झाली ती माझ्या गोष्टीने, आणि त्या गोष्टीतला माझा भाग खोटा होता.

शुक्रवारी क्लबात नेव्हिलला सांगणार आहे. त्या दहांपैकी चौघे अजून आहेत, त्यांनाही. मग माझ्याकडे तोंड करून कोण उभं राहतं ते बघू. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. तू उभी राहिलीस तेव्हा तूही पिंजऱ्याचा कठडा सोडत नव्हतीस, ते मागच्या बाकावरून दिसत होतं.

आधी तुला सांगतोय.

बाबा